लोखंडाचें गोत्र

जुन्या वस्तूंची ओळख पटविण्याचा छंद ज्यांस जडला, त्यांस घरबसल्या दूरदेशची यात्रा घडते. आम्हांस हा छंद रशियांत मागें राहिलेल्या ब्रिटिश रणगाड्यांनीं लावला. १९१९ सालीं तेथील यादवी युद्धांत डेनिकिनच्या श्वेत सेनेस ब्रिटननें 'मार्क पांच' जातीचे रणगाडे पुरविले. श्वेतांचा पाडाव होतांच ते लाल सेनेच्या हातीं गेले. आणि १९३८ सालीं व्होरोशिलॉव्हच्या आज्ञेनें त्यांतील कांहीं निरनिराळ्या शहरांत विजयस्मारकें म्हणून चौथऱ्यांवर चढले. लुहान्स्क, खार्किव व अर्खांगेल्स्क येथील रणगाडे दुसऱ्या महायुद्धांतूनहि वांचले.

अशा रणगाड्याचें छायाचित्र हातीं आलें कीं आम्ही प्रथम त्याची पाठ पाहतों. मार्क चार आणि मार्क पांच हे दिसण्यांत सख्खे भाऊ. परंतु पांचाच्या छपरावर मागील बाजूस आणखी एक लहानशी कोठी असते. मग कुशी पाहावयाच्या. सहा पौंडी तोफा असल्यास तो 'नर', केवळ मशीनगन असल्यास ती 'मादी'. हीं नांवें ब्रिटिशांचींच. पण एप्रिल १९१८ मध्यें व्हिलेर-ब्रेतोनो येथें अशा माद्यांस जर्मन रणगाड्यापुढें माघार घ्यावी लागली, आणि पुढें कित्येकींच्या एका कुशीस तोफ बसविण्यांत आली. म्हणून एकाच बाजूच्या छायाचित्रावरून निकाल देण्यास आम्ही धजत नाहीं.

'एवढीं माणसें मेलीं आणि तुम्ही खिळे काय मोजतां?' असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु चौथऱ्यावरचा लेख जेता लिहितो. त्याला गाडी शत्रूची होती एवढेंच पुरतें. खुद्द लुहान्स्कचें नांव १९३५ पासून १९९० पर्यंत चार वेळां बदललें. कधीं तें व्होरोशिलॉव्हग्राड झालें, कधीं पुन्हां लुहान्स्क. अशा ठिकाणीं लेखावर किती विसंबावें? खिळ्यांची वाट मात्र माणसांपर्यंत नेते. मार्क पांच म्हटला कीं बर्मिंगहॅमचा कारखाना आला. १५० अश्वशक्तीचें एंजिन आलें, आणि त्या एंजिनाशेजारीं एकाच कोठडींत, उष्म्यांत व धुरांत बसलेले आठ जण आले. ते कोण होते? ब्रिटिशांनीं केवळ शिकवावें, लढावें रशियनांनीं, असा संकेत होता. तरी जून १९१९ मध्यें त्सारित्सिनच्या चढाईंत ब्रिटिश मेजर ब्रूस स्वतः रणगाडा घेऊन गेला. म्हणजे 'आम्ही फक्त माल पाठविला' हें म्हणणेंहि पुरतें खरें नव्हे.

जेत्याचा लेख एक कूस दाखवितो, धाडणाऱ्याचा दुसरी. रणगाड्यास दोन्ही असतात. त्याच्याभोंवती सावकाश एक प्रदक्षिणा घातल्यावांचून त्या दिसत नाहींत, एवढेंच या छंदानें आम्हांस शिकविलें.