गालगागाचा ठेका

कविता ही विश्वभाषा आहे, हे वाक्य कविसंमेलनाच्या उद्घाटनात हमखास येतं. मी गझल लिहितो, त्यामुळे असली मोठी वाक्यंही बोटांवर मोजून बघायची खोड जडली आहे.

ही माझीच एक ओळ घ्या: ‘पावसाला वाट माझी सापडे’. गुरूला गा आणि लघूला ल म्हटलं की तिचं माप निघतं, गालगागा गालगागा गालगा. आपल्याकडे हे मेनका वृत्त. तेराव्या शतकात फारसी कवी रूमीने आजच्या तुर्कस्तानातल्या कोन्यात ‘मसनवी’ या दीर्घकाव्याचे सुमारे २५ हजार शेर रचले, ते याच मापात. त्यात आणखी एक गालगागा घातला की होतं देवप्रिया. गालिबच्या उर्दू दिवाणातली, म्हणजे काव्यसंग्रहातली, पहिली गझल त्या मापाची आहे. मला फारसी येत नाही, पण मसनवी कुणी म्हणू लागलं की टेबलावर माझी बोटं बरोबर पडतात.

याचं कारण साधं आहे. फारसी, उर्दू आणि मराठी वृत्तं अक्षर उच्चारायला लागणाऱ्या वेळावर चालतात. इंग्रजीची मदार आघातावर, म्हणून तिथे गझल गेली तरी हे माप तसंच्या तसं जात नाही. मराठीत ही नाती नीट जुळवली माधव ज्यूलियन यांनी. ते फारसीचे प्राध्यापक आणि ‘छंदोरचना’कार; त्यांची ‘गज्जलांजली’ १९३३ची. पुढे सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून नवोदितांचा हात धरला.

माप आलं, तरी नांदायचं ते मराठीच्याच रीतीने. उर्दूत दीर्घ अक्षर अडलं तर ह्रस्व उच्चारून वेळ मारून नेता येते. मराठीत ‘माझी’तला ‘झी’ आखडला की जाणकार श्रोत्याची भुवई चढलीच. मग शब्द बदलावा लागतो, आणि शब्दाबरोबर खयालही थोडा सरकतो. माझे कितीतरी शेर या सरकण्यातूनच सुचले आहेत.

खरी परीक्षा मुशायऱ्यात. उला मिसरा, म्हणजे शेराची पहिली ओळ, दोनदा म्हणायचा आणि थांबायचं. सानी मिसऱ्यात, म्हणजे दुसऱ्या ओळीत, काफिया (यमक) आला रे आला, की पुढचा रदीफ, म्हणजे दर शेराअखेर तसाच येणारा शब्द, श्रोतेच म्हणून टाकतात. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, तो दोनदा कानावर पडलेला असतो. त्यामुळे मराठी जेमतेम कळणारा उर्दूभाषक श्रोताही पुढच्या शेराला सूर मिळवतो. शेराचा अर्थ तो शेजाऱ्याला नंतर विचारतो.

अनुवादात शेर अर्धामुर्धाच उरतो, हे मला मान्य आहे. विश्वभाषा वगैरे म्हणायचंच असेल तर ती कवितेच्या चालीत आहे, आशय मागून येतो. तेव्हा परक्या भाषेतली कविता कुणी म्हणू लागलं तर लगेच ‘म्हणजे काय?’ विचारू नका. दोन शेर होऊ द्या, मांडीवर ठेका धरा. अर्थ सावकाश विचारा. तोवर म्हणणाऱ्याशी ओळख झालेली असेल.