आयाबाईंची साक्ष

मिरजेहून फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. पलीकडचा तरुण आवाज ओळखीचा नव्हता. "सिस्टरांच्या भाची ना तुम्ही? आमची लायब्ररी बंद करतोय. सिस्टरांची अनामत जमा आहे आमच्याकडे, येऊन घेऊन जावा." सिस्टर म्हणजे माझी मावशी. तिला जाऊन बराच काळ लोटला आहे. बँकेचं खातं, पेन्शन, गॅसचं कार्ड, सगळं आम्ही बंद केलं होतं. ही अनामत कुणाच्या लक्षातच आली नव्हती. मावशीच्या नावावर अजून काहीतरी शिल्लक होतं, आणि तेही कादंबऱ्यांच्या लायब्ररीत, हे ऐकून माझा हात तसाच थांबला.

मावशी नर्स होती. लग्न केलं नव्हतं. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे राहायला जायची. नाईट ड्युटीला निघताना तिच्या पिशवीत डबा, स्वेटर आणि लायब्ररीचं पुस्तक असायचं. पुस्तकाला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलेलं. पहाटे वॉर्ड शांत असला तर दहा-वीस पानं व्हायची, नसला तर पुस्तक तसंच परत यायचं. घरी आल्यावर अंघोळ, चहा, आणि मग पलंगावर आडवं पडून उरलेलं वाचन. त्या वेळात तिला कुणी हाक मारायची नाही, असा नियमच होता.

एका दुपारी ती अशीच वाचत पडली होती आणि एकदम उठून बसली. पुस्तक मिटलं. साडी नीट केली, छत्री घेतली, मला म्हणाली, "चल." मिरजेचं मे महिन्यातलं ऊन. ती पुढे, मी मागे धावत. लायब्ररीवाले काका चकित झाले, कारण पुस्तक आदल्याच दिवशी नेलेलं होतं. "सिस्टर, एवढ्यात वाचून झालं?" "झालं नाही, होणारही नाही," मावशीने पुस्तक टेबलावर ठेवलं. "यातला हिरो बायकोवर हात उगारतोय, आणि पुढच्या पानावर तिला तो जास्तच आवडायला लागलाय. हा माणूस मला घरात नको."

ते पुस्तक कुणाचं होतं ते मी सांगणार नाही. लेखक नामवंत होते. पण ते वाक्य मला सोडत नाही. प्रेमकथा वाचताना आजही मी पन्नासेक पानांवर थांबते आणि बघते, हा माणूस घरात चालेल का?

मावशीचा आणखी एक नेम होता. नायक डॉक्टर असेल तर ती पुस्तक सहसा घ्यायची नाही. घेतलंच तर आधी चाळून बघायची की त्यात आया आहे का, वॉर्डबॉय आहे का, त्यांना नावं आहेत का. "डॉक्टर कसा आहे ते पेशंटला विचारू नये, आणि नर्सलाही नाही," ती म्हणायची. "आयाबाईंना विचारावं. राऊंड संपल्यावर तो कसा बोलतो ते त्यांनाच माहीत." तिच्या वॉर्डातल्या एका वयस्कर आयाबाईंचा शब्द तिला कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठा होता.

आता गंमत पाहा. लंडनमध्ये जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून यांनी १९०८ साली प्रकाशनसंस्था काढली, ती काही प्रेमकथांसाठी नव्हती. त्यांनी सगळ्या प्रकारची पुस्तकं काढली, जॅक लंडनसुद्धा छापला. पण १९३०च्या दशकात त्यांच्या ध्यानात आलं की पैसे भरून पुस्तकं घरी नेण्याच्या ज्या छोट्या लायब्रऱ्या गल्लोगल्ली निघाल्या आहेत, तिथल्या बायकांना प्रेमकथाच हव्या आहेत. मग तपकिरी पुठ्ठ्यांतली ती पुस्तकं थेट लायब्रऱ्यांना जाऊ लागली. पुढे कॅनडातल्या हर्लेक्विनने १९५७च्या सुमारास मिल्स अँड बूनची पुस्तकं स्वस्त आवृत्तीत छापायला घेतली. पुस्तकं निवडायच्या मालकांच्या पत्नी, मेरी बॉनीकॅसल. आणि सुरुवातीला निवडली कोणती, तर दवाखान्यातली, डॉक्टर आणि नर्सची! मिरजेतल्या माझ्या मावशीने ज्यांना हात लावला नसता अशी. मेरीबाईंना सभ्य पुस्तकं हवी होती. सभ्यतेची मावशीची व्याख्या निराळी होती आणि मला अजून तीच पटते. नायक चुंबन घेतो की नाही याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. पायपुसण्यावर पाय न पुसता तो पुसलेल्या फरशीवरून चालत जातो का, हे तिला बघायचं असे.

याच कसोटीवर मी जेन ऑस्टिनकडे गेले. 'प्राईड अँड प्रेजुडिस' १८१३ सालची. डार्सी श्रीमंत आहे, देखणा आहे, पण पहिल्याच नृत्याच्या संध्याकाळी तो एलिझाबेथला ऐकू जाईल असं तिच्याबद्दल लागट बोलतो, आणि पुढे मागणी घालतानाही तिच्या माणसांचा अपमान करून घालतो. तिचं मन वळतं ते त्याच्या वाड्यातली कारभारीण, मिसेस रेनल्ड्स, बोलते तेव्हा. ती त्याला लहानपणापासून ओळखते आणि पाहुण्यांना सांगते की हा कधी मला टाकून बोलला नाही, कुळांना आणि गरिबांना याचाच आधार आहे. समोर कोण उभी आहे हे तिला माहीत नाही, त्यामुळे तिला काही मिळवायचं नाही. एलिझाबेथ त्याच्या तसबिरीसमोर उभी राहते आणि तिला पहिल्यांदा तो दिसतो. दोनशे वर्षं लोक या प्रसंगाबद्दल म्हणत आले की मुलगी वाडा बघून विरघळली. मला ते कधीच पटलं नाही. ती वाड्यातल्या आयाबाईंचं ऐकून वळली.

प्रेमकथेतला नायक जमतो तो इथे. आपल्याला ज्याच्याकडून काही नको आहे, जो आपलं काही वाकडं करू शकत नाही, अशा माणसाशी तो कसा वागतो याचा पुरावा पुस्तकात पाहिजे. नायिकेशी तर कुणीही गोड वागेल, त्याला ती हवीच आहे. खांदे, डोळे, गाडी, इस्टेट ही वर्णनं वाचताना छान वाटतात आणि पुस्तक मिटलं की मनातून जातात. पुरावा जात नाही.

जॅनिस रॅडवे नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८४ साली एक पुस्तक लिहिलं. प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांचा अभ्यास. एका गावात, ज्याला त्यांनी स्मिथटन असं खोटं नाव दिलं, पुस्तकांच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईभोवती या वाचक जमत. बहुतेक संसारी, मुलंबाळं असलेल्या. रॅडवेबाईंनी त्यांना सरळ विचारलं, नायक कसा हवा, नायिका कशी हवी, काय खपत नाही. नायिका हुशार हवी, तिला विनोद कळायला हवा, ती स्वतंत्र बाण्याची हवी. नायक ताकदीचा चालेल, पण मनाने मऊ हवा. जबरदस्ती नको, छळ नको, दुःखी शेवट नको. आणि वाचनाचा वेळ हा त्यांचा स्वतःचा, तेवढा वेळ त्या कुणाच्या आई नाहीत आणि कुणाच्या बायको नाहीत. रॅडवेबाईंनी त्यातून असं काढलं की दिवसभर सगळ्यांची काळजी घेणाऱ्या बाईची काळजी घेणारं घरात कुणी नसतं, आणि ती काळजी तिला त्या पानांत मिळते.

हे मी वाचलं तेव्हा मला पलंगावर आडवी पडलेली मावशी दिसली. तिच्याकडे नवरा नव्हता, मुलं नव्हती, पण तीस खाटांचा वॉर्ड होता.

माझा राग आहे तो इथे सांगून टाकते. मराठीत या वाचकांना कुणी काही विचारलं नाही. कलेसाठी कला की जीवनासाठी, यावर फडके आणि खांडेकर यांच्या नावाने पिढ्या वाद घालत बसल्या. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयाने दंड केला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तरुणांची मनं बिघडतील का, हा तिथे प्रश्न होता. बाईला हे वाचून कसं वाटतं, हा प्रश्न कुठल्याच कोर्टात आला नाही. आणि समीक्षक? सुमती क्षेत्रमाडे स्वतः डॉक्टर होत्या, कुसुम अभ्यंकरही डॉक्टर. दवाखाना चालवून या बायकांनी कादंबऱ्या लिहिल्या, गावोगावच्या लायब्रऱ्यांत त्यांच्या प्रती हाताळून हाताळून सुट्या झाल्या, शिवून पुन्हा बांधल्या. त्यांना "बायकांच्या कादंबऱ्या" म्हणून बाजूला ठेवलं गेलं. वाङ्मयाच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला काय आलं ते कुणीही उघडून बघावं. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि वय वाढेल तसा हा राग कमी न होता वाढतो आहे.

तरी त्या कादंबऱ्यांबद्दल माझी एक तक्रार आहेच. आपल्या कितीतरी नायिका सोडून देण्यात मोठ्या. नोकरी सोडते, गाणं सोडते, धाकट्या बहिणीसाठी प्रियकर सोडते. जितकं सोडेल तितकी ती थोर. मावशी अशा नायिकेवर वैतागायची. "पगार सोडला हिने! आता महिन्याला खाणार काय?" असं ती पुस्तकाला विचारायची. नायक येण्याआधी नायिकेचं काहीतरी स्वतःचं असावं आणि तो आल्यावरही ते तिच्याकडेच राहावं, एवढंच तिचं मागणं होतं.

त्या मागणीला उत्तर मला मिळालं ते इंग्रजीत, आणि आत्ता आत्ता. त्याआधी, १९७२ साली, अमेरिकेत कॅथलीन वुडिविस यांची 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' आली. सुरुवातीलाच नायक नायिकेवर जबरदस्ती करतो आणि पुढे तोच नायक राहतो. ते पुस्तक अफाट खपलं आणि बरीच वर्षं तशाच नायकांची चलती होती. आजच्या लेखिकांनी हा माणूस घराबाहेर काढला आहे. हेलन होआंग यांच्या २०१८च्या 'द किस कोशंट'मधली स्टेला स्वमग्न आहे, आकडेमोडीत अत्यंत हुशार आहे, आणि कुणाचा स्पर्श तिला सहन होत नाही. मायकल तिला आधी विचारतो, थांबतो, पुन्हा विचारतो. ही लेखिका स्वतः स्वमग्न आहे. टालिया हिबर्ट यांची क्लोई ब्राऊन (२०१९) अंगदुखीच्या जुनाट आजाराने खंगलेली आहे. तिच्या इमारतीची देखभाल करणारा चित्रकार रेड तिला बरी करायला निघत नाही. आजच्या दिवशी तिला कितपत झेपेल ते पाहून तो त्याप्रमाणे वागतो. नर्सला हे वाचून काय वाटलं असतं, हे मला इतकं स्पष्ट कळतं की मी ते पान मोठ्याने वाचलं होतं.

आणि मग सोनाली देव. मुंबईत वाढलेल्या, आता शिकागोजवळ राहणाऱ्या. त्यांच्या 'प्राईड, प्रेजुडिस अँड अदर फ्लेवर्स' (२०१९) या कादंबरीत कॅलिफोर्नियातलं राजे नावाचं संस्थानिक घराणं आहे. तृषा राजे मेंदूची शल्यचिकित्सक. डीजे केन पॅरिसमधलं काम सोडून बहिणीच्या आजारपणासाठी आलेला आचारी. बहिणीच्या मेंदूत गाठ आहे, तृषा तिचा जीव वाचवू शकते, पण दृष्टी जाईल, आणि ती मुलगी चित्रकार आहे. देवबाईंनी इथे डार्सीचा गर्व बाईला दिला. पहिल्याच भेटीत तृषा डीजेला पगारी नोकर म्हणून हिणवते.

म्हणजे मावशीच्या कसोटीत या वेळी नायिका नापास झाली, आणि पुस्तक तिला तिथेच सोडून देत नाही. मराठी नायिकेला अशी चूक करायची मुभा कधी फारशी मिळाली नाही. तिने चांगलंच असायचं. तृषा फटकळ आहे, घरच्यांच्या रागलोभात अडकलेली आहे, माणसांशी काय बोलावं ते तिला सुचत नाही. पण शस्त्रक्रियेचं टेबल ती सोडत नाही, त्या मुलीचा जीव सोडत नाही. आणि स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसाकडे नीट बघायला शिकते. तो जेवायला घालतो. ज्या घरात दिवसभर दुसऱ्यांची दुखणी बघून आलेल्या बाईला कुणीतरी गरम ताट वाढतं, ते घर मला कुठल्याही चुंबनापेक्षा जास्त प्रेमाचं वाटतं.

मावशीच्या शेवटच्या आजारात तिला भरवायला आम्ही आलटून पालटून जायचो. तिला ते आवडायचं नाही, संकोच व्हायचा. सगळं आयुष्य दुसऱ्याला भरवलं आणि स्वतः कुणाच्या हातून घास घ्यायची सवयच नव्हती. ज्या आयाबाईंचा शब्द ती प्रमाण मानायची, त्या एकदा मुलाच्या स्कूटरवर बसून भेटायला आल्या. त्यांनी डब्यातून आणलेली लापशी मात्र मावशीने निमूट खाल्ली.

राजे घराण्याची ती कादंबरी मुळात इंग्रजीत लिहिली गेली. मराठी लेखिकांना माझं हात जोडून सांगणं आहे, नाईट ड्युटीवरची एक नर्स नायिका म्हणून लिहा. चाळिशीची चालेल, पन्नाशीचीही चालेल. तिचा पगार लिहा, बदली लिहा, युनियनची मीटिंग लिहा. तिची नोकरी तिच्याकडून सोडवू नका. तिच्यासाठी जो माणूस आणाल त्याच्याबद्दल आयाबाईंना एकदा तरी बोलू द्या. आणि शेवट गोड करा.