‘एकच बिअर घेतली होती, डॉक्टर’

मी नवखी नव्हते, हे आधीच सांगून टाकते. असल्या भानगडी नवख्यांच्या हातून होतात, असं आम्हा डाइव्हिंगवाल्यांमध्ये धरून चालतात. पुण्या-कोल्हापुराहून रात्रभर गाडी मारायची, वाटेत दोन ठिकाणी ‘बसायचं’, आणि सकाळी तारकर्लीला तांबारलेल्या डोळ्यांनी आयुष्यातल्या पहिल्या डाइव्हसाठी बोटीत चढायचं, अशी टोळकी मालवणात पुष्कळ दिसतात. त्यांना बघून मी नाक मुरडत आले. माझ्याकडे 30 मीटरपर्यंत जायचं कार्ड होतं, स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर होता, आणि रात्रीची दारू सकाळी किती उरते याचा स्वतःचा एक हिशोबही होता.

तासाला एक छोटा पेग जिरतो, असा तो हिशोब. रात्री साडेबाराला ग्लास खाली ठेवला आणि सकाळी आठला पाण्यात उतरलं, की पाटी कोरी. या हिशोबात झोप नव्हती. रात्रभर बाथरूमच्या फेऱ्यांत शरीरातून गेलेलं पाणी नव्हतं. रक्तातली दारू संपली तरी माणूस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अर्धाच असतो, हेही नव्हतं. मी अकाउंट्समध्ये काम करते, तरी इतका सोयीचा ताळेबंद मला कधी खटकला नाही.

2024 च्या मार्चमध्ये आम्ही थायलंडमधल्या को ताओ बेटावर गेलो. आदल्या नोव्हेंबरपासून भारतीयांना तिकडे व्हिसा लागेनासा झाला होता, त्यामुळे ओळखीपाळखीतलं निम्मं जग तिकडे जाऊन आलं होतं. बरोबर दोन मैत्रिणी आणि माझा धाकटा मावसभाऊ. त्याला डाइव्हिंगचं वेड मीच लावलेलं, आणि पाण्याखाली त्याची बडी, म्हणजे जोडीदार, मीच, हे मावशीला शब्द देऊन कबूल केलेलं.

को ताओ हे जेमतेम एकवीस चौरस किलोमीटरचं बेट, पण जगात सर्वांत जास्त लोक जिथे डाइव्हिंग शिकतात अशा मोजक्या जागांपैकी ते एक. सायरी किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर एक दुकान डाइव्हिंगचं, त्याला लागून बार, पुढे पुन्हा डाइव्हिंग. आमच्या शाळेचा तर स्वतःचाच बार होता. संध्याकाळी लॉगबुकं तिथेच भरायची, बिअरच्या बाटलीखाली पान दाबून. आणि दर शंभर पावलांवर हिरव्या पानाची पाटी. थायलंडनं 9 जून 2022 रोजी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, तेव्हापासून ही दुकानं पावसाळी छत्र्यांसारखी उगवली होती. (2025 मध्ये सरकारनं पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली.) आपल्याकडे 1985 च्या कायद्यानं जी वस्तू खिशात सापडली तर कोर्टकचेरी, ती तिथे काचेच्या बरणीतून तोलून मिळत होती, वर पावती. निम्मा कैफ त्या पावतीचाच होता, असं आता वाटतं.

शाळेत पहिल्या दिवशी एका कागदावर सही करावी लागते. दारूच्या किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली डाइव्ह करणार नाही, हे त्यात लिहिलेलं असतं. बँकेच्या फॉर्मवर करतात तशी मी सही केली. समोरच्या मुलीनंही न बघता कागद फाइलला लावला. तिला तरी काय दोष द्यायचा? रात्री बारमध्ये आमच्या शेजारच्याच टेबलावर ती होती. बोटीवरच्या सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं. डाइव्हचे पैसे भरून झालेले असतात, परत मिळत नाहीत, आणि ‘तुला वास येतोय, तू आज वरच थांब’ हे सुट्टीवर आलेल्या माणसाला तोंडावर सांगायची हिंमत फार थोड्यांत असते. मी स्वतः तोवर ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्या रात्री थायी रम झाली, मग किनाऱ्यावर एक जॉइंट फिरला. सकाळी उठले तर तोंडाला कोरड आणि पोटात ढवळत होतं. बोट हलायला लागल्यावर काय होईल याची धास्ती होती. केमोथेरपीच्या रुग्णांची मळमळ थांबवायला गांज्यातल्या घटकापासून केलेली औषधं देतात, हे कुठेतरी वाचलेलं आठवलं. रात्रीचं थोटूक टेबलावर होतंच. खोलीमागे जाऊन दोन झुरके मारले. रात्रीच्या पिण्याला मी सवय म्हणू शकते, मूर्खपणा म्हणू शकते. सकाळचे ते दोन झुरके मात्र मी विचार करून, शास्त्राचा आधार शोधून घेतले होते.

बोटीत मावसभावानं विचारलं, “ताई, बरी आहेस ना?” मी म्हटलं, “झोप कमी झालीय फक्त.”

डाइव्ह होती ‘सट्टाकुट’वर. दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन जहाज, पुढे थायी नौदलात गेलं, आणि 2011 मध्ये कृत्रिम प्रवाळासाठी मुद्दाम बुडवलं. वरचा भाग साधारण 18 मीटरवर, तळ 30 च्या आसपास. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणानं वाढतो, म्हणजे तळाशी पृष्ठभागाच्या चौपट. एका श्वासाला हवाही चौपट लागते. शिवाय त्या खोलीवर नायट्रोजन स्वतःच चढायला लागतो. दर 10 मीटरला पोटात एक मार्टिनी गेली असं समजा, हा डाइव्हर लोकांचा जुना विनोद आहे. तो विनोद मी मावसभावाला शिकवला होता. माझ्या पोटात आधीच काय काय होतं आणि त्यावर आणखी तीन चढणार, ही बेरीज काही मी केली नाही.

जहाजावर तोफ आहे. तिच्याभोवती बारीक माशांचा थवा होता, आणि मी तो बघत राहिले. किती वेळ? मला विचाराल तर दोन-तीन मिनिटं. गांज्यानं वेळेचं भान ताणलं जातं हे सगळ्यांना ठाऊक असतं. सोफ्यावर बसल्यावर त्याची गंमत वाटते. 30 मीटरवरून वाटेत न थांबता सरळ वर येता येईल असा अवधी जेमतेम 20 मिनिटांचा असतो, आणि तिथलं सगळं वेळेवर टांगलेलं असतं. माझा कॉम्प्युटर वाजत होता. मला तो ऐकू आला, पण दुसऱ्या कुणाचा तरी वाजतोय असं वाटलं. मध्येच मावसभाऊ समोर आला आणि त्यानं आपला गेज माझ्या मास्कपुढे धरला. काटा 50 च्या खाली, म्हणजे राखीव हवेला हात लागलेला. मी त्याला ‘ओके’ची खूण केली. त्यानं पुन्हा दाखवला. मी पुन्हा ‘ओके’.

हे मला आठवत नाही. त्यानं नंतर सांगितलं.

डाइव्हमास्टरनं ते पाहिलं, आपला जादा रेग्युलेटर त्याच्या तोंडात दिला आणि मला दंडाला धरून वर घ्यायला लागला. कॉम्प्युटर मला वाटेत थांबायला सांगत होता. 5 मीटरवर थांबले खरी, पण तिथे पोट उलटलं. रेग्युलेटरमधूनच ओकायचं असतं, हे कोर्समध्ये शिकवतात. ते केलं, पण घाबरून थांबा अर्धवट टाकून वर आले. बोटीवर सगळे हसले. लागली गं तुला बोट, म्हणाले. मला ते फार सोयीचं वाटलं.

यानंतरचं जास्त लाजिरवाणं आहे. दुपारी डावा खांदा ठणकायला लागला, डोकं जड, अंगात त्राण नाही. हँगओव्हर असाच असतो. डीकम्प्रेशन सिकनेसही असाच असू शकतो: दाब झपाट्यानं उतरला की रक्तात आणि ऊतींत विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपानं बाहेर येतो, आणि सुरुवात पुष्कळदा थकवा अन् सांधेदुखीनं होते. पाणी कमी पडलेल्या शरीराला तो बाहेर टाकणं जडच जातं. मला हे पाठ होतं. तरी मी वेदनाशामक गोळी घेतली, आणि संध्याकाळी उतारा म्हणून एक बिअर. दुसऱ्या दिवशी डाव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली, तेव्हा मावसभावानं मला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी आधी तोंडावर ऑक्सिजन लावला, मग प्रश्न. दारू? ‘एकच बिअर घेतली होती, डॉक्टर.’ गांजा? ‘नाही.’ त्यांनी मला टाचेला अंगठा लावून, हाताची घडी घालून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. मी कलंडले. तोल जाणं हे मज्जासंस्थेला इजा झाल्याचं लक्षण असू शकतं, आणि रात्रीच्या दारूचंही. त्या माणसाला यातलं कोणतं ते ठरवायचं होतं, आणि ठरवायला लागणारी माहिती मी पोटात दाबून बसले होते.

“ताई, तू सांगतेस की मी सांगू?” मावसभाऊ मराठीत म्हणाला.

मी सांगितलं. सगळं; सकाळचे दोन झुरकेही. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी फक्त वेळा विचारून कागदावर लिहिल्या. माझं गुपित त्यांच्या लेखी रक्तदाबाइतकंच साधं होतं, आणि मी त्याच्यापायी अख्खा दिवस घालवला होता. उपचार जितका उशिरा तितका तो कमी लागू पडतो.

त्यांनी मला हायपरबेरिक चेंबरमध्ये पाठवलं. बंद टाकीत दाब वाढवून पुन्हा 18 मीटर ‘खाली’ नेतात, ऑक्सिजन देतात आणि सावकाश वर आणतात. पाचेक तास जातात. बोटं मोकळी झाली. खांदा बरेच दिवस कुरकुरत राहिला. काही दिवस विमान बंद, म्हणून मैत्रिणी पुढे गेल्या आणि मावसभाऊ रजा वाढवून माझ्याजवळ राहिला. प्रवास विम्याच्या कागदात नशेच्या अमलाखाली झालेली इजा वगळलेली होती. ते कलम दाव्याचा अर्ज भरताना पहिल्यांदा वाचलं. एफडी मोडली. आईला सांगितलं की पाय मुरगळला होता.

दारू मी सोडलेली नाही. सोडली म्हणाले तर ती आणखी एक थाप होईल. ट्रिपमधली शेवटची डाइव्ह होईपर्यंत ग्लासाला हात लावत नाही, इतकंच. बोटीवर कुणाच्या तोंडाला वास आला तर आता सरळ बोलते, त्यामुळे आमच्या गटात मला ‘हेडबाई’ म्हणतात. उथळ डाइव्हला काय होतंय, असं तारकर्लीच्या वाटेवर कुणी म्हणालं तर त्याला सांगते की 10 मीटरपासून वर येताना फुप्फुसातली हवा दुप्पट होते, आणि घाबरून श्वास कोंडून धरलेल्या माणसाला त्याहून कमी खोलीही पुरते. बहुतेक जण मान डोलावून पुढचा ढाबा शोधतात.

मावसभाऊ अजून डाइव्ह करतो, माझ्यापेक्षा चांगला. गेल्या डिसेंबरात आम्ही मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणीला एकाच बोटीनं गेलो. जोड्या लावायच्या वेळी तो शांतपणे दुसऱ्या एका मुलापाशी जाऊन उभा राहिला. परतीच्या वाटेवर म्हणाला, “ताई, राग नाही ना आला?” मी म्हटलं, नाही आला. खरंच नव्हता आला. मावशीला मात्र आम्ही दोघांनीही अजून काही सांगितलेलं नाही.