आठ फळ्यांचा हौदा

मुलांनो, नकाशाची वही काढा आणि अमेरिकेच्या वरच्या अंगाला पाहा. तिथे पाच मोठमोठी सरोवरं दिसतील. त्यांच्यामध्ये पाण्यात पंजा रोवून बसलेलं एक राज्य आहे, ते मिशिगन. तिथल्या माणसाला गाव विचारलं, तर तो नकाशा शोधत बसत नाही. आपला तळहात पुढे करतो आणि त्यावर बोट टेकवून म्हणतो, "हे इथं!" आहे की नाही सोय?

पण मला जायचं होतं ते गाव या तळहातावर नव्हतंच. पंज्याच्या वर, पाण्यापलीकडे, मिशिगनचाच आणखी एक लांबट तुकडा आहे. या दोन तुकड्यांना जोडतो मॅकिनॉ पूल. तो १९५७ साली सुरू झाला. लांबी जवळजवळ ८ किलोमीटर! खाली निळं पाणी, वर वारा. पूल ओलांडल्यावरही मोटारीने चार तास जंगलातूनच जायचं. सप्टेंबर संपत आला होता. मेपलची झाडं अशी लाल झाली होती, की आपल्या पळसाचीच आठवण व्हावी. फरक एवढाच, की पळसाची फुलं लाल असतात आणि इथे पानं.

माझी मावसबहीण नोकरीनिमित्त तिथे राहते. आयर्न माउंटन आणि त्याला खेटून किंग्जफर्ड, अशी ही जोडगावं. आयर्न माउंटन म्हणजे लोखंडाचा डोंगर. पूर्वी इथे लोखंडाच्या खाणी होत्या. खाणीतलं पाणी उपसायचा एक वाफेचा पंप अजून जपून ठेवलाय. त्याच्या चाकाचा व्यासच ४० फूट आहे! मी मात्र तुम्हाला सांगणार आहे ते लोखंडाचं नाही, लाकडाचं.

मोटार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पत्रा येतो. पण जुन्या मोटारींत लाकूडही पुष्कळ असे. मोटारवाले हेन्री फोर्ड यांनी १९२० मध्ये या भागातलं तीन लाख एकरांहून जास्त जंगल विकत घेतलं आणि इथे लाकूड कापायचा मोठा कारखाना काढला. मोटारींचे लाकडी भाग तिथे तयार होऊ लागले. उरलेल्या ढलप्यांचं काय करायचं? त्यांचा कोळसा केला, त्याची भुकटी केली आणि तिच्या वड्या पाडल्या. आपल्या आज्या कोळशाच्या चुऱ्याचे गोळे वळायच्या ना, तसंच! किंग्जफर्ड या नावाच्या कोळशाच्या वड्या अमेरिकेत आजही विकल्या जातात. दुसऱ्या महायुद्धात याच कारखान्याने बिनइंजिनाची विमानं बांधली, तीही थोडीथोडकी नव्हेत, ४१९०! त्यांतलं एक तिथल्या संग्रहालयात आहे. त्याच्या पोटात जीपगाडी चढवत आणि ती उभी राहायची लाकडी तळावर. कारखाना १९५१ मध्ये फोर्डच्या हातून गेला आणि मग बंदही पडला. पण लाकडावर हात फिरवून "हे अमुक झाड" असं सांगणारी माणसं गावात अजून भेटतात.

असेच एक आजोबा बहिणीच्या शेजारी राहतात. त्यांच्या धान्याच्या कोठारात १९५० सालची शेव्हरोलेट पिकअप उभी होती. पिकअप म्हणजे पुढे दोन-तीन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा. फोर्डच्या गावात शेव्हरोलेट! आजोबांच्या वडिलांना त्यावरून सगळे चिडवायचे म्हणे. हे शेव्हरोलेट नाव आपल्यालाही परकं नाही बरं का. ती बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला १९२८ ते १९५४ या काळात मोटारी जोडायचा कारखाना होता. आपली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, गेली. ती गाडी बेडफर्ड, म्हणजे याच घराण्यातली. आणि तिचीही बॉडी लाकडीच होती.

तर आजोबांच्या गाडीच्या हौद्याचा तळ पार कुजला होता. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते खारट पाणी गाडीच्या पोटाला लागतं आणि लोखंड खातं. पत्र्याच्या बाजू कशाबशा तगल्या होत्या, पण तळाच्या फळीवर मी बोट दाबलं तर ते भाकरीत रुतावं तसं आत गेलं.

मदतीला त्यांची सहावीतली नात होती. मी आपली हातात पाना देणारी. पहिला दिवस गेला बोल्ट काढण्यात. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं होतं, तरी निम्मे शेवटी कापावेच लागले. पण त्या बोल्टांची गंमत ऐका. डोकं गोल आणि त्याखालची मान चौकोनी. भोकही चौकोनी. त्यामुळे खालून नट आवळताना वरचा बोल्ट फिरतच नाही. एकट्या माणसालाही काम करता येतं. याला नाव कॅरेज बोल्ट. कॅरेज म्हणजे घोडागाडी. घोडे गेले, गाडी गेली, बोल्ट मात्र राहिला!

फळ्या निघाल्या तेव्हा मला खरी युक्ती दिसली. फळ्यांना कुठेही खिळा नव्हता. दोन फळ्यांमध्ये बारीक फट ठेवलेली आणि त्या फटीवर लोखंडाची लांब पट्टी. बोल्ट पट्टीतून त्या फटीत उतरतो आणि खालच्या आडव्या तुळईला धरतो. म्हणजे फळी फक्त कडांना दाबून धरलेली. असं का बरं? पावसाळ्यात तुमच्या घरचं दार घट्ट बसतं, आठवतंय? लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगतं. खिळ्यांनी जखडलं तर ते तडकणार. इथे त्याला हलायला जागा ठेवलीय. शिवाय पट्टी फळीपेक्षा किंचित वर असते, त्यामुळे पेट्या आणि पोती तिच्यावरून सरकतात आणि लाकूड कमी झिजतं.

नवीन लाकूड ओकचं आणलं होतं. ओक दोन जातींचा, लाल आणि पांढरा. आजोबांनी लाल ओकची एक लांब चिपटी नातीच्या हातात दिली. तिचं एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्याने फुंकायला सांगितलं. तिने गाल फुगवले आणि पाण्यात बुडबुडे! लाल ओकच्या आतल्या नळ्या मोकळ्या असतात. मग पांढऱ्या ओकची चिपटी. फुंकून फुंकून ती लालबुंद झाली, पण एक बुडबुडा येईना. त्या नळ्या झाडाने स्वतःच बुजवलेल्या असतात. म्हणून पिंपं आणि होड्या पांढऱ्या ओकच्या करतात. हौद्यालाही अर्थात तोच.

साडेसहा फुटांच्या आठ फळ्या कापून, रंधून, कडांना खाचा पाडून झाल्या. आणि मग आजोबा-नातीचं भांडण जुंपलं. तिने कुठल्याशा जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात आरशासारखा चकचकीत हौदा पाहिला होता. तिला तसंच वार्निश हवं होतं. आजोबा म्हणाले, "कारखान्यातून ही गाडी आली तेव्हा फळ्यांना साधा रंग होता. त्यात बटाटे भरायचे होते, तोंड बघायचं नव्हतं."

ती गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "पण सगळ्याच फळ्या बदलल्यावर ही पणजोबांची गाडी राहणार का?"

मला वाटलं, आता आजोबांना वाईट वाटणार. ते तर हसायलाच लागले. म्हणाले, "अगं, पणजोबांनी स्वतःच दोनदा बदलल्यात! या फळ्या त्यासाठीच तर असतात. त्या झिजायच्या, म्हणजे गाडी चालायची."

शेवटी मध्यममार्ग निघाला. वार्निश नको, काळा रंगही नको, जवसाचं तेल. त्यात लाकडाच्या रेषा दिसतात. ओरखडा पडला तर तेवढंच घासून पुन्हा तेल लावता येतं. वार्निशचं तसं नाही, एकदा फुटलं की खाली पाणी शिरतं. मला विचाराल तर मीही तेलालाच मत दिलं असतं, पण मला कोणी विचारलं नाही. दर वर्षी नव्याने तेल लावायचं काम मात्र नातीने कबूल केलं. फळीच्या सहाही बाजूंना तेल लागलं. टोकांना दोनदा, कारण पाणी प्यायची तोंडं तिथेच असतात.

आणि एक जपायची गोष्ट. जवसाच्या तेलाची चिंधी चोळामोळा करून टाकायची नाही. हे तेल सुकताना हवेतला प्राणवायू घेतं आणि गरम होतं. बोळ्यातली ऊब बाहेर पडली नाही, तर चिंधी आपोआप पेटू शकते! आजोबांनी सगळ्या चिंध्या पाण्याच्या डब्यात बुडवल्या आणि डबा कोठाराबाहेर नेऊन ठेवला. घरी कोणी सुतारकाम करत असेल, तर त्यांना हे जरूर सांगा.

चार दिवस तेल सुकू दिलं. शनिवारी फळ्या बसल्या, पट्ट्या बसल्या, फाळका लागला. हौदा मधाच्या रंगाचा दिसत होता. नात अनवाणी त्यावर चालून आली.

रविवारी सकाळी आजोबांनी गाडी जंगलाच्या कडेला नेली. तिथे हिवाळ्यासाठी फोडलेल्या सरपणाचा ढीग होता. पहिला ओंडका त्यांनी नातीकडे दिला. तिने तो क्षणभर छातीशी धरला आणि मग हौद्यात लोटला. तो पट्टीवरून घसरत थेट केबिनपर्यंत गेला आणि मध्ये एक पांढरा ओरखडा उठला. तिने वाकून त्यावर बोट फिरवलं, आजोबांकडे पाहिलं आणि दुसरा ओंडका उचलला. दुपारपर्यंत तीन खेपा झाल्या.