विमान आकाशात, प्रवासी घाटात: जुहू आणि येरवड्याची गोष्ट

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीहून टपाल घेऊन निघालेले जे. आर. डी. टाटांचे पुस मॉथ विमान अहमदाबादला उतरले, तेव्हा त्याचे इंधन बैलगाडीतून आले. चार-चार गॅलनच्या डब्यांत. टाटांच्या हवाई टपालसेवेच्या पहिल्याच दिवशी आकाशाची गाठ बैलाच्या चालीशी पडली.

हे केवळ हिंदुस्थानचे मागासलेपण नव्हते. १९२९ साली इंपीरियल एअरवेजने लंडन–कराची मार्ग सुरू केला, तेव्हा प्रवासी क्रॉयडनहून विमानाने स्वित्झर्लंडमधील बाझेलला जात, तेथून आगगाडीने इटलीतील जिनोआला, आणि मग पुन्हा विमानात बसत. सात दिवसांच्या त्या ‘हवाई’ प्रवासाचा एक तुकडा रुळांवरून होई.

मुंबईची अडचण मात्र वेगळी आणि अधिक चमत्कारिक होती. जुहूचा विमानतळ म्हणजे समुद्रालगतची चिखलाची सपाटी. मोठ्या भरतीला ती पाण्याखाली जाई. पावसाळ्यात तर तेथे उतरणेच अशक्य. म्हणून दर पावसाळ्यात विमाने, साहित्य, माणसे असा सारा पसारा पुण्याला हलवला जाई. उतरण्याची जागा होती येरवडा कारागृहाच्या सावलीतले मैदान. (पहिल्या उड्डाणाच्या तीनच आठवडे आधी, २४ सप्टेंबरला, याच कारागृहात पुणे करार झाला होता. इतिहासाची पुस्तके या दोन गोष्टी एका पानावर क्वचितच आणतात.)

थोडक्यात, पावसाळाभर मुंबईचे विमान मुंबईत नव्हतेच. विमानाने वाचवलेल्या वेळेतून बोरघाटाचा हिस्सा आधी वजा करावा लागे. कल्याण–पुणे लोहमार्ग १९२९ मध्ये विजेवर आला होता, एवढेच सुदैव. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात सेवेने १५५ प्रवासी नेले. आकडा किरकोळ वाटेल. पण ही सेवा मुळात टपालाची होती आणि प्रवाशाला जागा मिळे ती टपालाच्या थैल्यांसोबत. त्या काळी तिकीट काढणाऱ्याला हौस आणि सोशिकपणा दोन्ही लागत असणार.

१९४८ मध्ये मुंबईची नागरी विमानवाहतूक सांताक्रूझला गेली. पुण्याची विमाने आता लोहगावला उतरतात. इंदापूर तालुक्यातील शेळगावाजवळ बारामतीला धावपट्टी आहे, परंतु ती प्रामुख्याने शिकाऊ वैमानिकांची. शेळगावचा प्रवासी आजही एस.टी.ने पुणे गाठतो, तेथून लोहगावकडे निघतो, आणि वाटेत येरवडा लागतो.