उशाशी काय आहे?

२२ मे १९९७ ला मध्यरात्र उलटल्यावर जबलपूरला भूकंप झाला आणि इकडे नागपुरात आमच्या घरातली भांडी वाजली. उन्हाळ्यामुळे आम्ही सारे अंगणात निजलो होतो. आई म्हणाली, "मांजर असेल." आत जाऊन पाहतो तो पितळी हंडा फळीच्या कडेवर आलेला. खाली माझी रोजची बाज!

किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, हजारो गेली. भूकंपापेक्षा डोक्यावरचे ओझेच मारते.

मी हंडा खाली घेतला, बाज हलवली. तुम्हीही आज एवढे कराच. धक्का बसला तर पक्क्या घरात भक्कम टेबलाखाली डोके झाका. मातीच्या घरात दार हाताशी असेल तर अंगण गाठा. शेतात विहीर, झाड, विजेच्या तारा टाळून मोकळ्यावर बसा. लेकरांनाही हे सांगून ठेवा.