फाटे

ओला केस दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणायचा. धडधाकट केस थोडा लांबतो आणि सोडला की पुन्हा होता तसा होतो. थकलेला केस लांबतो, लांबतच राहतो आणि च्युइंगमच्या तारेसारखा मध्येच तुटतो. अगदी गेलेला केस तर ताणण्याआधीच हातात येतो. ही परीक्षा मला आमच्या गल्लीतल्या पार्लरवाल्या काकूंनी शिकवली. माझे टाळूवरचे केस दुसऱ्या प्रकारात निघाले आणि टोकं तिसऱ्या.

त्याच्या तीन आठवडे आधी, दिवाळीच्या तोंडावर, मी एका मोठ्या सलॉनमध्ये जाऊन केस अ‍ॅश ब्राउन करून घेतले होते. मला तो रंग आवडतो. अजूनही आवडतो. राखेची झाक असलेला तपकिरी, उन्हात जरा निळसर वाटणारा. बिल साडेसात हजार झालं. पहिले चार दिवस मी लिफ्टच्या आरशात स्वतःला बघून खूश होत होते. पाचव्या दिवशी केस धुतले आणि बाथरूमची जाळी तुंबली. हातात आले ते मुळापासून गळलेले केस नव्हते. मुळापासून गळलेल्या केसाच्या एका टोकाला पांढरा ठिपका असतो. हे सगळे मधूनच तुटलेले होते, बोटभर लांबीचे तुकडे.

काळ्या केसांवर अ‍ॅश ब्राउन चढवणं म्हणजे नुसता रंग लावणं नव्हे. सलॉनमध्ये केसांचा गडदपणा एक ते दहा अशा पट्टीवर मोजतात. एक म्हणजे काळाभोर, दहा म्हणजे अगदी फिकट पिवळा. आपल्याकडचे बहुतेक केस एक ते तीनमध्ये मोडतात. राखेची झाक नीट दिसायला केस सहा-सातच्या पुढे न्यावे लागतात, आणि त्यासाठी मूळचं रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, आधी मोडावं लागतं. ते काम ब्लीच करतं. वाटेत केस लालसर होतात, मग नारिंगी, मग पिवळे. त्या नारिंगीवर निळसर टोनर चढवला की राख दिसते. टोनर काही आठवड्यांत धुऊन जातो. नारिंगी राहतं.

ब्लीचमध्ये दोन गोष्टी असतात. एक पावडर, तिच्यात पर्सल्फेट्स असतात. दुसरं डेव्हलपर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. त्याच्या बाटलीवर २०, ३०, ४० असे आकडे असतात. २० म्हणजे ६ टक्के, ३० म्हणजे ९ टक्के, ४० म्हणजे १२ टक्के. आकडा जितका मोठा तितकं काम लवकर होतं आणि तितकी झीजही जास्त. माझ्या वेळी ट्रॉलीवर ४० ची बाटली होती. मी विचारलं, "हे जास्त स्ट्राँग नाही ना?" ब्लीच लावणारा मुलगा म्हणाला, "काही होत नाही, मॅम." तो एकाच वेळी तीन खुर्च्या सांभाळत होता. हातमोजे काढले तेव्हा त्याच्या बोटांच्या बेचक्यांत चिरा पडलेल्या दिसल्या. पर्सल्फेट्समुळे सलॉनमध्ये काम करणाऱ्यांना त्वचेचे विकार होतात, दमाही होतो, ही गोष्ट त्या धंद्यात नवी नाही. ज्या डब्यातून माझ्या डोक्यावर ब्लीच आलं, त्याच डब्यातून त्याच्या हातांवरही रोज थोडं थोडं येत होतं.

तक्रार घेऊन गेले तेव्हा मॅनेजरने केस लांबूनच पाहिले आणि म्हणाला, "तुमच्या केसांची क्वालिटीच पातळ आहे." मग सहा सिटिंगचं रिपेअर पॅकेज दाखवलं. किंमत रंगापेक्षा जास्त. मी पैसे परत मागितले, त्याने दहा टक्के डिस्काउंट देऊ केला. आमचं बोलणं तिथेच संपलं.

मात्र 'रिपेअर' हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. घरी येऊन मी सगळ्या बाटल्या मांडल्या. शाम्पूवर रिपेअर, मास्कवर डीप रिपेअर, सीरमवर इंटेन्स रिपेअर. मग वाचत बसले. जे कळलं त्याने आधी खूप रडू आलं आणि नंतर विचित्र प्रकारे बरं वाटलं.

केस मेलेला असतो. जिवंत भाग फक्त त्वचेखाली, मुळाशी. बाहेर दिसतो तो केराटिनचा धागा. त्यात रक्त नाही, नस नाही, पेशी जिवंत नाहीत. गुडघा फुटला तर खपली धरते, खालून नवी कातडी येते. केसाला खपली धरत नाही. त्याच्यावर एकावर एक चढवलेल्या कौलांसारखा खवल्यांचा थर असतो. ब्लीच ती कौलं उचकटतं आणि आत शिरतं. आतल्या केराटिनच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या बंधांनी बांधलेल्या असतात, त्यातले कित्येक बंध तुटतात. शिवाय सगळ्यात वर एक स्निग्ध थर असतो. तो नुसता लागलेलं तेल नसतो, केसाला रासायनिक बंधानेच जोडलेला असतो. तोही निघून जातो. म्हणून ब्लीच केलेला केस पाणी धरून ठेवतो, तासन्‌तास वाळत नाही, आणि शेजारच्या केसाला अडकून गुंता करतो.

मग बाटलीतलं रिपेअर काय करतं? कंडिशनरचे कण धनभारित असतात, झिजलेल्या जागा ऋणभारित, म्हणून ते नेमके तिथे जाऊन चिकटतात. सिलिकॉन वरून पातळ पापुद्रा चढवतं. केस मऊ लागतो, कंगवा सरकतो, तुटणं कमी होतं. यात फसवणूक नाही. पण याला मी दुरुस्ती म्हणणार नाही. हे सारवण आहे. आजोळी मातीची जमीन होती आणि आजी ती दर आठवड्याला शेणाने सारवायची. सारवल्याने जमिनीची फरशी होत नाही. पोपडे निघत नाहीत, धूळ उडत नाही, आणि आठवड्याने पुन्हा सारवावं लागतं. मी पॅकेजच्या पैशांत वर्षभराचं साधं कंडिशनर घेतलं.

आजीचं नाव निघालंच आहे तर तेलाचंही सांगते. फोटो बघून तिचा फोन आला, "अगं, खोबरेल लाव. न्हायच्या आधी लाव, नंतर नको." मला वाटलं, आजी आणि तिचं खोबरेल. पण २००३ साली जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्समध्ये आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांचा एक अभ्यास छापून आला होता. त्यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली. केसातून निघून जाणारं प्रथिन लक्षात येण्याइतकं कमी झालं ते फक्त खोबरेलाने, धडधाकट केसांत आणि ब्लीच केलेल्या केसांतही. खोबरेलातल्या लॉरिक अ‍ॅसिडचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो आणि केस पाण्याने कमी फुगतो, असं त्याचं स्पष्टीकरण. अभ्यास करणारे खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीतले होते, हेही ध्यानात ठेवलेलं बरं. तरीही आजीच्या वाक्यातला 'आधी' हा शब्द महत्त्वाचा होता. तेलाने तुटलेलं जोडलं जात नाही. धुताना होणारी पुढची झीज थोडी कमी होते, इतकंच.

मोठा बदल विंचरण्यात झाला. लहानपणापासून आई माझे केस वरून खाली विंचरायची. एका हाताने मुळं घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने फणी खाली ओढायची. काकूंनी सांगितलं, खालून सुरुवात कर. शेवटची चार बोटं सोडव, मग त्याच्या वरची चार, मग अजून वर. ओल्या केसांत फणी नाही, रुंद दातांचा कंगवा, तोही कंडिशनर असतानाच. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, जुन्या सुती टी-शर्टमध्ये दाबून पाणी टिपायचं. एका रविवारी आईने कंगवा माझ्या हातातून घेतला आणि ती माझ्यामागे बसली. खालून वर जायला पाऊण तास लागला. एवढा वेळ आम्ही दोघी न भांडता एका जागी बऱ्याच दिवसांत बसलो नव्हतो. तिने विचारलं, "दुखतंय?" मी म्हटलं, "केस दुखत नसतात." ती म्हणाली, "तुला दुखतंय का विचारलं."

बाकीच्यांनी असं विचारलं नाही. टोकं चिरून केसाचे दोन-तीन धागे होतात, त्याला आपण फाटे फुटणं म्हणतो. बोलण्यालाही फाटेच फुटतात. केसांवरून विषय माझ्या पगारावर गेला, पगारावरून लग्नावर, लग्नावरून "फोटोत कसे दिसतील" यावर. ऑफिसात एकीने हळूच विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" त्याच दिवाळीत माझ्या चुलतभावाने केस पिवळे केले होते. त्याला सगळ्यांनी हिरो म्हटलं आणि विषय संपला.

बाईच्या केसांवर सगळ्यांचा हक्क असणं आपल्याकडे जुनं आहे. नवरा गेला की बाईचे केस काढायचे, हे ठरवणारे दुसरेच असत. पण त्या इतिहासात मला सारखी आठवते ती एक वेगळी गोष्ट. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता आणि त्याच वस्तऱ्यावर ज्यांचं पोट होतं, तेच नाही म्हणाले. माझी गोष्ट त्यापुढे फार छोटी आहे, दोन्हींची बरोबरी होत नाही. पण कारागिराचा नकार केवढा मोठा असू शकतो, हे मला काकूंच्या पार्लरमध्ये कळलं.

मी त्यांच्याकडे गेले ती केराटिन करून मागायला. पैसे तयार होते. त्यांनी केस ताणून पाहिला, तुटलेला तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "मी करणार नाही. यावर अजून केमिकल आणि दोनशे डिग्रीची इस्त्री फिरवली तर मुळापाशी तुटतील. दुसरीकडे करून देतील, पण नको करूस." मग शंभर रुपयांत दोन इंच कापले. "हे दुरुस्त व्हायचे नाहीत. खालून कापत जायचं, वरून येऊ द्यायचे." दोन खुर्च्यांचं पार्लर, गाळ्याचं भाडं डोक्यावर, आणि समोर चार-पाच हजार द्यायला तयार असलेलं गिऱ्हाईक. त्या मुलालाही हे म्हणता आलं असतं का, असा विचार मी पुष्कळदा करते. तीन खुर्च्या आणि मागे उभा मॅनेजर असताना बहुधा नाही.

केस महिन्याला साधारण सेंटिमीटर, सव्वा सेंटिमीटर वाढतात. घाई करता येत नाही. मार्चमध्ये आमच्या वाघोलीत टँकर सुरू झाले, तेव्हा त्या जड पाण्यातल्या क्षारांनी केस पुन्हा काथ्यासारखे झाले. शेवटचा तांब्या मी फिल्टरच्या पाण्याचा घेऊ लागले. जूनमध्ये वरचे सहा-सात सेंटिमीटर काळे आणि खाली गंजलेलं नारिंगी, अशी सीमारेषा स्पष्ट दिसत होती. केस सगळ्यात जास्त तिथेच तुटतात, कारण वर धडधाकट आणि खाली कमकुवत. घट्ट रबर बंद केलं, सैल वेणी घालू लागले. दर दोन महिन्यांनी काकू खालचं थोडं कापतात. आता वरचे बारा सेंटिमीटर माझे आहेत. खालचे आठ-नऊ अजून नारिंगी आहेत आणि मी ते सध्या ठेवले आहेत.

परवा ऑफिसातल्या नव्या मुलीने विचारलं, "रंग करायचाय, करू का?" मी म्हटलं, कर ना. फक्त खुर्चीत बसल्यावर विचार, कितीचा डेव्हलपर वापरणार. आधी कानामागच्या एका बटेवर करून दाखवा म्हण, ती बट धुऊन, ओली असताना ताणून बघ. रंगासाठी दोन दिवस आधी पॅच टेस्ट मागून घे, कारण गडद रंगांत बऱ्याचदा असणाऱ्या पीपीडीची काहींना जबर अ‍ॅलर्जी असते. या प्रश्नांना नीट उत्तरं देणारा माणूस भेटला तर निवांत बस. आणि उत्तर "काही होत नाही" एवढंच आलं तर ऊठ. अंगावर केप असली तरी उठता येतं.